शस्त्रक्रिया झाली, पुढें काय?

(महोत्सवाच्या व्याख्यानमालेंत भगिनीमंडळापुढें धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आपल्या मंदिराचा इतिहास, पूर्वजांची श्रद्धा आणि मिशनरी धर्मगुरूंचे श्रम यांविषयीं माझ्यापूर्वींच्या वक्त्यांनीं आपणांस पुष्कळ सांगितलें आहे. मीं मात्र आजच्या व्याख्यानासाठीं एक निराळाच विषय मागून घेतला. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया यथासांग पार पडल्यावर केमोथेरपी घ्यावी कीं न घ्यावी, हा तो विषय होय. कोणी म्हणेल, वेदीवरचें सोडून फादरांनीं दवाखान्यांतल्या गोष्टी कां सांगाव्या? त्यास माझें उत्तर असें, कीं हा प्रश्न आपल्या भगिनी दवाखान्यांतून निघून सरळ वेदीपाशींच घेऊन येतात. "इंजेक्शनें किती?" असें त्या डॉक्टरांना विचारतात, "नको म्हटलें तर पाप लागेल काय?" असें धर्मगुरूला विचारतात. अर्धा प्रश्न एका दारीं आणि अर्धा दुसऱ्या दारीं, अशी त्यांची स्थिति होते. आज ते दोन्ही अर्धे शेजारींशेजारीं ठेवून पाहावे, एवढाच माझा हेतु आहे.

मी वैद्य नाहीं. औषधाची मात्रा सांगण्याचा मला अधिकार नाहीं, आणि माझ्या बोलण्यावरून कोणीं आपला निर्णय ठरवूं नये. ज्या डॉक्टरांनीं तुमचा रिपोर्ट पाहिला त्यांच्याशीं बोलूनच तो ठरवावयाचा असतो. परंतु त्यांच्यापुढें बसल्यावर काय विचारावें आणि त्यांनीं सांगितलेलें कसें समजून घ्यावें, हें आधीं ठाऊक असलें म्हणजे भीति बरीच हलकी होते.

प्रथम एक कबुली देतों. कांहीं वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना, एक बाई रविवारच्या मिस्सेनंतर सॅक्रिस्टीच्या दाराशीं येऊन उभ्या राहिल्या. हातांत कापडी पिशवी, पिशवींत रिपोर्ट. वय पंचेचाळिशीचें, दोन मुलें शाळेंत. शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झाले होते आणि डॉक्टरांनीं केमोथेरपी अवश्य घ्या असें बजावलें होतें. परंतु त्यांच्या नणंदेला दुसऱ्या एका कर्करोगांत केमोथेरपी चालू असतांनाच मृत्यु आला होता, आणि तें दृश्य त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतें. त्यांनीं विचारलें, "फादर, गांठ तर काढली. आतां देवावर हवाला ठेवून घरीं राहिलें तर चालेल ना?" बाहेर बाप्तिस्म्याची मंडळी खोळंबली होती. मी म्हणालों, "बाई, देवावर श्रद्धा ठेवा आणि मनाला पटेल तसें करा."

उत्तर ऐकावयास गोड होतें. बाईंनीं तें परवानगी म्हणून घेतलें. कोणा जडीबुटीवाल्याची भुकटी त्यांनीं सुरू केली. दीड वर्षाच्या आंत रोग फुप्फुसांत उतरला. त्यांना अभ्यंग देण्यास मीच गेलों. त्यांनीं मला दोष दिला नाहीं. "तुम्ही म्हणालां तशी श्रद्धा ठेवली हो, फादर," एवढेंच त्या बोलल्या. केमोथेरपी घेतली असती तर त्या खात्रीनें वांचल्या असत्या, असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. परंतु त्यांचा रोग अशा प्रकारचा होता कीं तिच्यावांचून दुसरी ढालच त्यांना नव्हती. आणि मीं तें विचारलें सुद्धां नाहीं. त्यांच्या पिशवींतला कागद मीं बाहेर काढून पाहिला नाहीं. चूक माझी होती. त्यानंतर मीं हा विषय जाणत्या डॉक्टरांपाशीं बसून शिकून घेतला. जें शिकलों तें आतां सांगतों.

गांठ काढून टाकल्यावर पुनः औषध कशाला, हा पहिला प्रश्न. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं विल्यम हॉल्स्टेड नांवाचे प्रख्यात शल्यवैद्य होते. त्यांनीं १८९४ सालीं आपली मोठी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तींत सबंध स्तन, त्याखालचे छातीचे स्नायु आणि काखेंतील गांठी, सारें एकदम काढून टाकीत. रोग झाडाच्या मुळ्यांप्रमाणें शेजारींशेजारीं पसरतो, तेव्हां पुरेसें खोल खणलें म्हणजे झालें, अशी त्या काळची समजूत होती. परंतु इतकें करूनही कित्येक स्त्रियांचा रोग कांहीं वर्षांनीं हाडांत किंवा यकृतांत डोकें वर काढी. पुढें पिट्सबर्गचे डॉक्टर बर्नार्ड फिशर यांनीं निराळा विचार मांडला. रोगाचे सूक्ष्म कण शस्त्रक्रियेच्या आधींच रक्तावाटे दूर गेलेले असूं शकतात, मग चाकू कितीही खोल घातला तरी ते हातीं लागावयाचे नाहींत, असें त्यांचें म्हणणें होतें. तेवढी गांठ काढून किरणोपचार दिले तरी स्त्रिया सबंध स्तन काढल्याइतक्याच जगतात, हें त्यांच्या तुलनात्मक प्रयोगांनीं १९८५ सालीं दाखवून दिलें.

आपण वाडींत काम करणारीं माणसें आहों. लव्हाळा उपटून बांधावर टाकला तरी त्याची एखादी गांठ मातींत राहते. राहिली कीं नाहीं हें वरून दिसत नाहीं. शस्त्रक्रियेनंतरच्या औषधाचें कारण हेंच. तें दिसणाऱ्या रोगासाठीं नसतें, कदाचित् राहिलेल्या आणि न दिसणाऱ्या रोगासाठीं असतें. म्हणूनच हा निर्णय कठीण आहे. ज्या शत्रूची खात्री नाहीं त्याच्यासाठीं सैन्य उभें करावयाचें, आणि सैन्याचा खर्च मात्र खात्रीचा.

इटलींतील मिलान शहराच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत डॉक्टर जानी बोनादोना यांनीं हें सैन्य प्रथम नीट उभें करून दाखविलें. काखेंतील गांठींपर्यंत रोग पोंचलेल्या स्त्रियांपैकीं कांहींना त्यांनीं शस्त्रक्रियेनंतर तीन औषधें एकत्र दिलीं, कांहींना दिलीं नाहींत. १९७६ सालीं त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. सत्तावीस महिन्यांच्या अखेरीस औषध न मिळालेल्या १७९ स्त्रियांपैकीं २४ टक्क्यांचा रोग परतला होता. औषध मिळालेल्या २०७ स्त्रियांपैकीं केवळ ५.३ टक्क्यांचा. त्या दिवसापासून जगांत पुष्कळ प्राण वांचले. परंतु त्याचबरोबर पुढील कैक वर्षें सावधगिरी म्हणून असंख्य स्त्रियांना हें औषध दिलें गेलें, आणि त्यांतल्या कित्येकींना त्याची गरज नव्हती. गरज कोणाला होती आणि कोणाला नव्हती, हें ओळखण्याचें साधनच तेव्हां पुरेसें नव्हतें. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तें साधन बरेंचसें हातीं आलें आहे.

तें साधन म्हणजे प्रथमतः तुमच्या पिशवींतला पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. त्यांत मुख्य गोष्टी पांच असतात. पहिली, गांठ किती सेंटिमीटरची. दुसरी, काखेंतील किती गांठींत रोग सांपडला. तिसरी, पेशी किती रानटी झाल्या आहेत, म्हणजे ज्याला ग्रेड म्हणतात तें. तो एक, दोन किंवा तीन असतो, आणि तीन हा सर्वांत उग्र. चौथी, त्या पेशी इस्ट्रोजन व प्रोजेस्टेरॉन या स्त्रीशरीरांतील हॉर्मोनांवर पोसल्या जातात कीं नाहीं. रिपोर्टांत हें ई-आर आणि पी-आर या अक्षरांनीं लिहिलेलें असतें. पांचवी, त्यांच्यावर हर-टू नांवाचें प्रथिन फाजील आहे कीं नाहीं. याखेरीज बाईंचें वय, मासिक पाळी चालू आहे कीं थांबली, आणि हृदय, मूत्रपिंडें व इतर प्रकृति कशी, हेंही डॉक्टर विचारांत घेतात. कर्करोग हें एकच नांव असलें तरी रोग अनेक आहेत. शेजारणीला काय दिलें आणि मावशीला काय दिलें, यावरून आपल्याला काय द्यावें हें म्हणूनच ठरत नाहीं.

या पांच गोष्टींवरून स्थूलमानानें तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग, ज्यांत ई-आर, पी-आर आणि हर-टू हीं तिन्ही नाहींत. याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. आपल्या देशांत या प्रकाराचें प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षां अधिक आढळतें. याच्यावर हॉर्मोनच्या गोळ्यांचा उपयोग नाहीं. म्हणून गांठ अगदीं लहान, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास, असेल तर गोष्ट वेगळी. एरव्हीं या वर्गांत केमोथेरपी बहुधा लागतेच. माझ्या त्या बाई या वर्गांतल्या होत्या.

दुसरा वर्ग हर-टू अधिक असलेला. हा एके काळीं फार घातक समजला जाई. परंतु ट्रास्टुझुमॅब नांवाचें नेमकें त्याच प्रथिनावर बसणारें औषध निघालें, आणि शस्त्रक्रियेनंतर तें केमोथेरपीच्या जोडीनें दिलें असतां रोग परतण्याचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतें, असें २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत दिसून आलें. या वर्गांतही बहुधा केमोथेरपी लागते. मात्र गांठ लहान असून काख स्वच्छ असेल तर ती सौम्य प्रकारची देतां येते. या दोन्ही वर्गांत गांठ मोठी असेल तर आजकाल पुष्कळदां शस्त्रक्रियेच्या आधींच औषध देतात, आणि काढलेल्या भागांत रोग किती उरला हें पाहून पुढचें ठरवितात.

तिसरा वर्ग सर्वांत मोठा. यांत रोग हॉर्मोनावर पोसलेला असतो आणि हर-टू नसतें. येथें टॅमॉक्सिफेन किंवा तत्सम गोळी पांच वर्षें, कधीं त्याहून अधिक, रोज घ्यावी लागते. आणि ही साधी दिसणारी गोळीच मुख्य ढाल असते. पांच वर्षें टॅमॉक्सिफेन घेतल्यानें या वर्गांतील मृत्यूंचें प्रमाण सुमारें एकतृतीयांशानें घटतें. काखेंतील चार किंवा अधिक गांठींत रोग असेल तर गोळीच्या जोडीला केमोथेरपीही बहुधा सुचवितात. परंतु काख स्वच्छ असेल किंवा एक ते तीनच गांठींत रोग असेल, तर खरा प्रश्न येथेंच उभा राहतो. घ्यावी कीं न घ्यावी?

याच प्रश्नासाठीं जनुकांच्या चांचण्या निघाल्या आहेत. काढलेल्या गांठीच्या तुकड्यांतील कांहीं जनुकें किती चपळ आहेत हें मोजून त्यावरून एक अंक काढतात. ऑन्कोटाइप नांवाची चांचणी २१ जनुकें पाहते आणि शून्य ते शंभर असा अंक देते. दहा हजारांहून अधिक स्त्रियांनीं भाग घेतलेल्या टेलर-एक्स या प्रयोगाचा निष्कर्ष २०१८ सालीं जाहीर झाला. या सर्व स्त्रिया तिसऱ्या वर्गांतल्या, आणि काख स्वच्छ असलेल्या. ज्यांचा अंक ११ ते २५ होता त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. एकाला नुसती गोळी, दुसऱ्याला गोळी आणि केमोथेरपी. नऊ वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्या स्त्रिया पहिल्या गटांत ८३.३ टक्के होत्या, दुसऱ्यांत ८४.३ टक्के. म्हणजे बहुतेकींना केमोथेरपीपासून लाभ असा झालाच नाहीं. अपवाद एवढाच, कीं पन्नाशीच्या आंतील ज्या स्त्रियांचा अंक १६ ते २५ होता, त्यांना थोडा फायदा दिसला. २०२१ सालीं आर-एक्स-पॉन्डर नांवाच्या प्रयोगानें पुढची पायरी दाखविली. एक ते तीन गांठींत रोग असून अंक २५ पर्यंत असेल, तर पाळी थांबलेल्या स्त्रियांना केमोथेरपीनें लाभ होत नाहीं; पाळी चालू असलेल्यांना होतो. युरोपांत ७० जनुकांच्या दुसऱ्या एका चांचणीवर मिंडॅक्ट नांवाचा प्रयोग झाला, त्याचा २०१६ सालचा निष्कर्षही याच दिशेचा होता. वरवर पाहतां धोका मोठा, पण जनुकांच्या हिशेबानें लहान, अशा ज्या स्त्रियांना केमोथेरपी दिली नाहीं, त्यांपैकीं ९४.७ टक्के पांच वर्षांनीं दूरच्या अवयवांत रोग न पसरतां जिवंत होत्या.

या चांचण्या पहिल्या दोन वर्गांसाठीं नाहींत, हें विसरूं नये. शिवाय परदेशीं नमुना पाठवावा लागतो त्या चांचणीचा खर्च लाखांच्या घरांत जातो. बंगळूर येथें कॅनअसिस्ट ब्रेस्ट नांवाची त्याहून स्वस्त चांचणी निघाली आहे. ती आपल्या प्रसंगीं कितपत ग्राह्य, हें डॉक्टरांनाच विचारावें. जेथें चांचणी परवडत नाहीं तेथें रिपोर्टांतील पांच गोष्टींवरून अनुभवी डॉक्टर पुष्कळ सांगूं शकतात. इंग्लंडांत केंब्रिज येथें तयार झालेलें प्रेडिक्ट नांवाचें एक गणितही आहे, त्यास पैसे पडत नाहींत.

गणितावरून एक गोष्ट सांगतों, ती लक्षांत ठेवा. केमोथेरपी मृत्यूचा धोका सरासरीनें सुमारें एकतृतीयांशानें कमी करते, असें मोठ्या एकत्रित अभ्यासांतून दिसतें. आतां समजा, शंभर स्त्रियांपैकीं औषधावांचून तीस दगावतील अशी स्थिति आहे; तर एकतृतीयांश म्हणजे दहा जणी वांचतील. आणि जेथें शंभरांत सहाच दगावण्याचा संभव आहे, तेथें त्याच एकतृतीयांशानें दोघी वांचतील, चौघी औषध घेऊनही जातील, आणि उरलेल्या चौऱ्याण्णव औषधावांचूनही जगल्याच असत्या. औषध तेंच, अपूर्णांक तोच. पण पदरांत पडणारें दान मात्र निराळें. म्हणून "धोका एकतृतीयांशानें कमी होतो" एवढें ऐकून उठूं नका. "माझ्यासारख्या शंभर स्त्रियांपैकीं किती जणींना यानें खरोखर लाभ होतो?" असें विचारा.

किंमतही तराजूंत घातली पाहिजे. केंस जातात, पण बहुधा पुनः येतात. मळमळ, थकवा, तोंड येणें हें होतें. मळमळीवर आतां पूर्वींपेक्षां पुष्कळ चांगलीं औषधें आहेत. पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून ताप १००.४ अंशांवर गेला तर सकाळची वाट न पाहतां रात्रीं सुद्धां इस्पितळ गांठावें. हातापायांना मुंग्या येतात, त्या कांहीं जणींच्या राहूनही जातात. तरुण स्त्रीची पाळी कायमची थांबूं शकते. जिला अजून मूल हवें असेल तिनें औषध सुरू होण्यापूर्वींच तें बोलून दाखवावें. कांहीं औषधांनीं हृदयास इजा पोंचते, आणि क्वचित् पुढें रक्ताचा कर्करोग उद्भवतो. हें सारें ऐकून घाबरावें असें नाहीं. जिला दहांचा लाभ आहे तिनें तें सोसणें शहाणपणाचें. जिला जवळजवळ कांहींच लाभ नाहीं, तिनें तें कां सोसावें?

गेल्या वर्षीं अशीच दुसरी एक बाई आल्या. वय अठ्ठावन्न, गांठ दीड सेंटिमीटरची, काख स्वच्छ, रोग हॉर्मोनावर पोसलेला, जनुकांचा अंक लहान. डॉक्टर म्हणाले, गोळी पुरे. परंतु मुलगे ऐकेनात. "आईसाठीं वाडीचा तुकडा विकूं, पण केमो झालीच पाहिजे, डॉक्टर कांहीं तरी कमी करताहेत." त्यांच्या मातृभक्तीस मीं वंदन करतों. पण या वेळीं मीं गोड बोलून कोणासही वाटेस लावलें नाहीं. मुलांना आणि आईला घेऊन मी डॉक्टरांकडे गेलों. शंभर स्त्रियांचा हिशेब त्यांनीं कागदावर मांडून दाखविला. मोठा मुलगा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "म्हणजे आम्ही आमच्या भीतीसाठीं आईला औषध देणार होतों." आज त्या बाई रोज रात्रीं गोळी घेतात आणि रविवारीं गायनमंडळांत गातात.

आतां धर्माचा अर्ध. पाप लागेल काय? जीव हा देवानें आपल्या हातीं सोंपविलेला ठेवा आहे, म्हणून त्याची योग्य ती काळजी घेणें हें आपलें कर्तव्य होय. बेन सिराच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायांत वैद्याचा मान राखावा, औषधें देवानेंच भूमींतून निर्माण केलीं आहेत, आणि आजाऱ्यानें प्रार्थनाही करावी व वैद्यालाही जागा द्यावी, असा उपदेश आहे. शुभवर्तमानकार संत लूक स्वतः वैद्य होता. तेव्हां औषध घेणें हें श्रद्धेंत उणें, असें मानणें ख्रिस्तसभेच्या शिकवणीस धरून नाहीं. ती भुकटी देणारा मनुष्यही श्रद्धेच्याच गोष्टी करीत होता, हें लक्षांत असूं द्या.

परंतु प्रत्येक उपचार प्रत्येकानें घेतलाच पाहिजे, असेंही ख्रिस्तसभा म्हणत नाहीं. परमगुरु बारावे पायस यांनीं २४ नोव्हेंबर १९५७ रोजीं डॉक्टरांपुढें केलेल्या भाषणांत, मनुष्य साधारण उपायांना बांधलेला आहे, स्वतःवर वा दुसऱ्यावर असाधारण भार घालणाऱ्या उपायांना नाहीं, असें स्पष्ट केलें. ५ मे १९८० रोजीं रोमच्या धर्मसिद्धान्त-मंडळानें काढलेल्या घोषणापत्रांत, उपचाराचा प्रकार, धोका, खर्च आणि अपेक्षित फळ हीं सर्व रोग्याच्या शारीरिक व मानसिक बळाशीं ताडून पाहावीं, असें सांगितलें आहे. म्हणजे डॉक्टर आपल्या टेबलाशीं जो तराजू धरतात, तोच ख्रिस्तसभा आपल्या विवेकबुद्धीच्या हातीं देते.

म्हणून माझें उत्तर असें. जिचा लाभ अल्प आणि भार मोठा, तिनें नीट विचार करून केमोथेरपी नाकारली तर तिला पाप नाहीं. जिचा लाभ मोठा आहे, तिनें केवळ ऐकीव गोष्टींनीं भिऊन, रिपोर्ट न समजून घेतां, ती टाळली, तर ती देवाच्या देणगीकडे पाठ फिरविते. तरीही तिच्यावर दगड उचलण्याचा अधिकार आपणांस नाहीं. तिच्याजवळ बसून तिची भीति ऐकणें हें आपलें काम. आणि ज्या स्त्रीच्या लाभाचा कांटा मध्येंच थरथरतो, तिनें जें शांत मनानें ठरविलें, तें घरच्यांनीं मान्य करावें. शरीर तिचें आहे, आणि देवापुढें उत्तरही तिचेंच आहे.

डॉक्टरांकडे जातांना एकटें जाऊं नका. एका वहींत हे प्रश्न लिहून न्या: माझा रोग तीनपैकीं कोणत्या वर्गांतला? काखेंतील किती गांठी तपासल्या आणि किती सदोष निघाल्या? गोळीनें किती लाभ आणि केमोथेरपीनें त्यावर आणखी किती? जनुकांच्या चांचणीनें माझा निर्णय बदलेल काय? बदलणार नसेल तर ती करूं नये. कोणतीं औषधें, किती वेळां, आणि हृदयाची तपासणी केव्हां? दुसऱ्या डॉक्टरांचें मत घेण्यास मला किती दिवस आहेत? दुसरें मत विचारण्यांत अपमान नाहीं. मोठ्या इस्पितळांत तर शल्यवैद्य, औषधवैद्य आणि किरणवैद्य एकत्र बसूनच ठरवितात. परंतु विचार करतां करतां महिने घालवूं नका. केमोथेरपी साधारणतः शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांत सुरू करतात. तीन महिन्यांहून अधिक उशीर झाला तर तिचें बळ घटतें.

आतां पतिराजांना आणि सासवांना एक विनंति. "लोक काय म्हणतील" म्हणून स्त्रिया गांठ लपवितात, आणि केंस गेल्यावर मिस्सेला यावयास लाजतात. कर्करोग स्पर्शानें होत नाहीं आणि तो पापाची शिक्षाही नव्हे. कॅटानियाच्या संत अगाथेनें ख्रिस्तासाठीं या अवयवाचें दुःख सोसलें. ५ फेब्रुवारीस तिचा सण येतो, आणि स्तनाच्या विकारांनीं पीडित स्त्रिया तिची मध्यस्थी मागत आल्या आहेत. तिच्या नांवानें या वर्षापासून त्या दिवशीं आपल्या मंदिरांत आजाऱ्यांसाठीं मिस्सा होईल. अभ्यंगसंस्कारासही भिऊं नका. तो केवळ मरणाऱ्याचा नाहीं. गंभीर आजारांतील प्रत्येकाचा आहे, आणि मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वींही तो घेतां येतो. मला शेवटच्या घटकेस बोलावूं नका, पहिल्या घटकेस बोलवा.

चांगल्या शोमरोन्यानें जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पण तेवढ्यावर तो थांबला नाहीं. त्यानें खाणावळवाल्याच्या हातावर दोन दिनार ठेवले आणि आणखी लागले तर परत येतांना देईन असें म्हणाला. त्या दोन दिनारांचा अर्थ आपल्या धर्मग्रामांत असा: परळच्या टाटा रुग्णालयांत जाणाऱ्या बाईबरोबर कोणी तरी पहाटेच्या गाडीनें जावें, औषधाच्या दिवशीं तिच्या मुलांचें जेवण शेजारच्या चुलीवर व्हावें, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद भरून देण्यास लिहितांवाचतां येणाऱ्या तरुणांनीं मिस्सेनंतर अर्धा तास बसावें. भगिनीमंडळानें हें काम अंगावर घ्यावें, अशी माझी प्रार्थना आहे.

जुन्या करारांत महोत्सवाचें वर्ष हें ऋणमुक्तीचें वर्ष होतें. आपल्या महोत्सवांत निदान एका ऋणांतून आपल्या भगिनींना मोकळें करूं या: एकटीनें भीत बसण्याच्या. आणि यापुढें सॅक्रिस्टीच्या दाराशीं कोणी पिशवी घेऊन उभी राहिली, तर बाप्तिस्म्याची मंडळी थोडी थांबतील. मी आधीं तो कागद पाहीन.

सर्व आजाऱ्यांचें आरोग्य असलेली पवित्र कुमारी मरीया आपणां सर्वांस तिच्या पुत्राच्या हृदयापाशीं ठेवो, हीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.